ताटात काय आहे ते बघा: चिनी दिग्दर्शिकांच्या सिनेमातली बाई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. चित्रमंडळात तुम्ही झांग यिमोचे जुने सिनेमे पाहिलेत, त्यातली गोंग ली डोक्यात घट्ट बसलीय. मग परवा विमानात 'हर स्टोरी' हा एका चिनी दिग्दर्शिकेचा हल्लीचा सिनेमा पाहिलात आणि गोंधळलात, की ही बाई त्या बाईची लागते तरी कोण? चीनमधल्या दिग्दर्शिकांच्या हल्लीच्या सिनेमांत बाई खरंच वेगळी दिसते, की सिनेमा बाईने काढलाय हे आधीच ठाऊक असल्यामुळे आपण ती वेगळी बघतो? आणि सुरुवात कुठून करावी?

वीसेक वर्षं मी रसास्वादाचे वर्ग घेतेय. पूर्वी या प्रश्नावर माझं ठरलेलं उत्तर असायचं. 'स्त्रीची नजर' हा शब्द त्यात दर दोन वाक्यांनी यायचा. मुलं तो वहीत उतरवून घ्यायची आणि सिनेमा बघताना त्याचा कोणालाही काडीचा उपयोग व्हायचा नाही. आता मी एवढंच सांगते: ती काय खाते, कोणासमोर बसून खाते आणि रांधलं कोणी, ते बघा.

झांग यिमोचा 'रेझ द रेड लँटर्न' (१९९१) आठवा. मालक रात्री ज्या बायकोकडे जाणार तिच्या दारी लाल कंदील लागतात, तिचे तळपाय छोट्या हातोड्यांनी चोपले जातात, आणि जेवायला काय करायचं हे सांगायचा मानही तिचाच. नव्या बायकोची, म्हणजे गोंग लीच्या सोंगल्यानची, पाळी येते तेव्हा ती साधी भाजी आणि टोफू मागते. सिनेमा थोर आहे, त्यात वाद नाही. मालकाचा चेहरा एकदाही नीट न दाखवणं ही तर कमालच. पण त्या घरातलं जेवण म्हणजे दरबार आहे. कोणाची सरशी झाली ते ताटावरून कळतं. भूक लागलेली बाई मात्र तिथे एकही नाही.

आता निंग यिंगचा 'पर्पेच्युअल मोशन' (२००५) घ्या. चिनी नववर्षाचे दिवस, बीजिंगमधला जुना चौसोपी वाडा. न्यूनू या बाईला कळलंय की नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे, आणि 'ती' आपल्याच मैत्रिणींपैकी एक असावी असा तिला संशय आहे. म्हणून ती तिघींना जेवायला बोलावते. चौघी खात्यापित्या, मध्यमवयीन, जग पाहिलेल्या. आणि मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी मी हा सिनेमा दर वर्षी दाखवते: चौघी बसून कोंबडीचे पाय खातात. चोखतात, दातांनी सांधे सोडवतात, हाडकं थुंकतात. कॅमेरा तोंडाजवळून हलत नाही. पार्श्वसंगीत नाही, फक्त चोखण्याचा आवाज. संवादही जवळजवळ थांबलेला.

एका खेळानंतर एक गृहस्थ मला म्हणाले, 'मॅडम, जरा किळसवाणंच नाही का वाटत?' मी विचारलं, चार मित्र मटणाची नळी फोडून खात असते तर? ते हसले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत. मला विचाराल तर त्यांची किळस खरी होती आणि निंग यिंगला तीच हवी होती. पडद्यावरची बाई एकतर जेवण वाढते किंवा घासाला चिमणीसारखी टोचा मारते. या वयाची बाई चवीने, आवाज करत, कोणाच्याही नजरेची पर्वा न करता खातेय हे आपण फारसं पाहिलेलंच नसतं. यातली हुंग ह्वांग ही मासिकांची प्रकाशक आणि ल्यू सोला ही लेखिका-संगीतकार. दोघी पेशाने अभिनेत्री नाहीत, त्यामुळे चेहरे 'बरे दिसावेत' ही धडपड कुठे दिसत नाही. नवरा शेवटपर्यंत येत नाही. त्याची उणीवही भासत नाही.

याआधी चीनमध्ये बायका सिनेमे काढत नव्हत्या असं समजू नका. सरकारी स्टुडिओंच्या काळात वांग पिंग, दोंग खना अशा दिग्दर्शिका नियमित काम करत होत्या. 'स्त्रिया अर्धं आकाश तोलून धरतात' ही तेव्हाची घोषणा. पण आकाश तोलायचं ते पुरुषासारखं, पुरुषाच्या कपड्यांत. ही गोम नेमकी पकडली ह्वांग शूछिनने, १९८७च्या 'वुमन, डेमन, ह्यूमन'मध्ये. पारंपरिक संगीत नाटकात पुरुष भूमिका करणाऱ्या नटीची ही गोष्ट, आणि ती बेतलेली आहे पे यानलिंग या खऱ्या नटीवर. भुतांना धाक घालणाऱ्या झोंग क्वेइची भूमिका ही तिची खासियत, आणि सिनेमात तो झोंग क्वेइ तिने स्वतःच केलाय. एका प्रसंगात ही पोरगी बायकांच्या संडासात जाते आणि लोक तिला मुलगा समजून बाहेर खेचतात. रंगमंचावर बाई म्हणून जागा नाही, बाहेर बाई म्हणून कोणी ओळखत नाही. बालगंधर्वांच्या उलट दिशेची ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला फार समजावून सांगावी लागत नाही.

आता मुद्द्यावर येते. गेल्या पंधरा वर्षांतले सिनेमे एकापाठोपाठ एक बघितले की जाणवतं, या दिग्दर्शिकांचा खरा विषय नवरा, प्रियकर, लग्न यांपैकी कुठलाच नाही. विषय आई आहे. आणि ती मायेची सावली वगैरे आई नव्हे.

यांग मिंगमिंगचा 'गर्ल्स ऑलवेज हॅपी' (२०१८) बघा. बीजिंगच्या गल्लीतल्या लहानशा घरात मायलेकी राहतात. दोघी लिहिणाऱ्या, दोघींना पैशांची चणचण, आणि आजोबांच्या इस्टेटीवर डोळा. मुलीचं काम खुद्द दिग्दर्शिकेने केलंय. जेवता जेवता त्या भांडतात, भांडता भांडता जेवतात. शब्द असे, की तुम्हाला वाटतं आता या आयुष्यात एकमेकींचं तोंड बघणार नाहीत. पुढच्या दृश्यात पुन्हा त्याच टेबलाशी.

यांग लीनाचा 'स्प्रिंग टाइड' (२०१९) याहून गार आणि जास्त बोचरा. एका घरात आजी, आई, नात. आजी वस्तीत लाडकी, समूहगान बसवणारी, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारी. तीच बाई घरात शिरली की मुलीला टोचून टोचून रक्तबंबाळ करते. मुलगी पत्रकार आहे, बाहेर अन्यायाच्या बातम्या खणून काढते, आणि घरी आईपुढे गप्प. शेवटाकडे ही आई, म्हणजे आजी, रुग्णालयात बेशुद्ध पडते. मुलगी खिडकीशी उभी राहून, आईकडे पाठ करून, पहिल्यांदा बोलते. जवळजवळ सगळं स्वतःशीच. मुलीचं काम करणाऱ्या हाओ लेइने ते इतक्या खालच्या सुरात केलंय की ओरडली असती तर बरं, असं वाटतं. यात आईला खलनायिका ठरवून मोकळं होता येत नाही, कारण आईची स्वतःची होरपळ, तिच्या काळाचा राजकीय इतिहास, हे सगळं तिच्या टोमण्यांतूनच गळत असतं. याच दिग्दर्शिकेच्या २०२२च्या सिनेमाचं चिनी नाव नुसतं 'आई!' असं आहे, उद्गारचिन्हासकट. त्यात ८५ वर्षांची आई स्मृतिभ्रंश झालेल्या ६५ वर्षांच्या मुलीला सांभाळते.

'सिस्टर' (२०२१) वर मात्र थोडं थांबते, कारण तो आपल्याकडे सगळ्यात जास्त पोचतो आणि सबटायटल्समध्ये सगळ्यात जास्त हरवतो. दिग्दर्शिका यिन र्वोशिन, पटकथा यो श्याओयिंगची. छंगदू शहर. आनरान ही तरुण परिचारिका. आईवडील अपघातात जातात आणि तिच्या गळ्यात पडतो सहा वर्षांचा भाऊ, ज्याला ती धड ओळखतही नाही. तिला बीजिंगला जाऊन पुढे शिकायचंय. नातेवाईक म्हणतात, मोठी बहीण आहेस, सांभाळ.

याच्या मागे चीनचं तेव्हाचं 'एकच अपत्य' धोरण आहे. पहिलं मूल अपंग असेल तर दुसऱ्याला परवानगी मिळे. मुलगा हवा म्हणून बापाने धडधाकट आनरानला लंगडं असल्याचं सोंग करायला लावलं होतं. तपासणीला माणूस आला आणि पोरगी नेमकी नाचताना दिसली, मग बापाने तिला बडवली. पुढे कॉलेजच्या अर्जावरही बापानेच खाडाखोड केली: डॉक्टरकी गेली, गावातच नर्सिंग आलं.

इंग्रजी सबटायटल्समध्ये दोन माणसं येतात, 'आंट' आणि 'अंकल'. चिनी भाषेत हे शब्द मोघम नाहीत. ती 'गूमा' आहे, म्हणजे आत्या. तो 'ज्योज्यो', म्हणजे मामा. आत्या म्हटल्यावर आपल्याला लगेच कळतं, ही बापाची बहीण. म्हणजे भावासाठी काहीतरी सोडून दिलेली पहिली 'मोठी बहीण' हीच. आणि मामा हा जुगारी, भाचीवर जीव असलेला पण कामाचा शून्य. 'आंट'ने हे काही कळत नाही. मी दाखवते तेव्हा खेळाआधी एवढंच सांगते: ही आत्या, हा मामा. पुढचं प्रेक्षक बघून घेतात.

त्यात एक प्रसंग आहे. आत्या आणि भाची कलिंगड खातायत. आत्या बोलता बोलता सांगून जाते, लहानपणी आई तिच्या नकळत भावाला खाऊ भरवायची. सूर तक्रारीचाही नाही, पाऊस पडला होता तसं सांगते. मग तिच्या रशियन बाहुल्या, एकीच्या पोटात एक बसणाऱ्या. ती रशियन शिकलेली, ते सगळं भावापायी सुटलेलं. आयुष्यभर 'बहीण' असणं हाच धर्म मानणारी ही बाई भाचीला म्हणते, की या बाहुल्या सगळ्या एकाच खोक्यात बसायला हव्यात असं काही नाही. झू युआनयुआन या अभिनेत्रीचं तोंड त्या वेळी कलिंगडाने भरलेलं आहे. रडणं आणि गिळणं एकाच वेळी चाललंय. खेळानंतर एक साठीतली बाई माझ्याकडे आली, काही बोलली नाही, नुसता हात दाबून गेली.

शेवटावरून चीनमध्ये खूप वाद झाला. भावाला दत्तक घेणारं कुटुंब लिहून मागतं, की पुन्हा त्याला भेटायचं नाही. आनरान सही करत नाही, त्याचा हात धरून बाहेर पडते. अनेक तरुण मुलींना हा विश्वासघात वाटला: दोन तास तिचं ऐकून घेतलंत आणि शेवटी तिच्या कडेवर पोर दिलंतच! मला तो शेवट अर्धवट वाटतो, पण खोटा वाटत नाही. ती रस्त्यावर त्याच्याबरोबर फुटबॉल खेळते आणि पुढे काय ते सिनेमा सांगत नाही. या सिनेमाने ८६ कोटी युआनचा गल्ला जमवला. म्हणजे वाद घालणाऱ्या मुली तिकीट काढून, बहुधा आईला घेऊन, गेल्या होत्या.

आई जिथे सगळ्यात जास्त दुखवते तो सिनेमा म्हणजे विवियन चूचा 'एंजल्स वेअर व्हाइट' (२०१७). समुद्रकाठचं गाव, बारा वर्षांच्या दोन शाळकरी मुलींवर लॉजवर अत्याचार होतो, आणि साक्षीदार आहे तिथे काम करणारी अल्पवयीन श्याओमी, जिच्याकडे ओळखपत्रच नाही. एका मुलीची आई काय करते? पोरीचे केस कापते, तिचे फ्रॉक बाहेर फेकते. गुन्हेगार पडद्यावर धड दिसतही नाही, दिसतात ते तपासणीचे टेबल, पुन्हा तपासणी, पत्रकार परिषद. किनाऱ्यावर मेरिलिन मन्रोचा भलाथोरला पुतळा आहे, उडता झगा सावरणारा. खालून बघणाऱ्या पोरीला त्यातले फक्त पाय दिसतात. प्रतीक जरा जास्तच ठळक आहे असं मला पहिल्यांदा वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं. त्या वर्षी व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत दिग्दर्शिका एकटी हीच होती. चीनमध्ये तो लागला त्याच आठवड्यात बीजिंगच्या एका बालवाडीतल्या मुलांच्या छळाची बातमी गाजत होती, त्यामुळे लोकांनी तो नुसता सिनेमा म्हणून पाहिला नाही.

ह्वांग जीचा 'स्टोनवॉलिंग' (२०२२), तिने नवरा र्यूजी ओत्सुकाबरोबर केलेला, हा माझ्या मते या सगळ्यांत कठोर. वीस वर्षांची, हवाई सुंदरीचं शिक्षण घेणारी मुलगी गरोदर राहते. आई छोटा दवाखाना चालवते आणि एका रुग्णाचा गर्भ गेल्याच्या तक्रारीत अडकलीय. मुलगी हिशोब मांडते: पोर जन्माला घालायचं आणि भरपाई म्हणून त्यांना देऊन टाकायचं. कोणी किंचाळत नाही. बीजदान, शिकवण्या, विक्रीच्या साखळ्या, सगळीकडे शरीर आणि वेळ यांचा भाव चाललाय, त्यातच हाही एक. दिग्दर्शिकेने स्वतःच्याच आईवडिलांना आईवडिलांच्या कामात घेतलंय. मुलीचं काम करणारी याओ होंगग्वेइ दिग्दर्शिकेच्या पहिल्या सिनेमात शाळकरी पोर होती, तिसऱ्यात बाई झालीय. २०२३ मध्ये तैवानच्या गोल्डन हॉर्स पुरस्कारांत हाच सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगायला हवी. चीनमध्ये थिएटरात लागणाऱ्या सिनेमाच्या आधी हिरव्या पडद्यावर सोनेरी ड्रॅगन येतो. तो सरकारी परवाना. 'स्टोनवॉलिंग'सारखे सिनेमे त्या ड्रॅगनविना बाहेरच्या महोत्सवांत फिरतात. परवाना मिळून परत गेल्याचंही उदाहरण आहे, ली यूचा 'लॉस्ट इन बीजिंग'. त्यामुळे थिएटरात लागणाऱ्या सिनेमात बाईचा राग कुठे थांबतो हे बघताना दिग्दर्शिकेचा स्वभाव आणि ड्रॅगन, दोन्ही हिशोबात धरा. नेटवरची गंमत वेगळीच. चिनी भाषेत 'स्त्री-हक्क' आणि 'स्त्री-ठोसा' यांचा उच्चार एकच, 'न्यूछ्वेन'. टवाळखोर मुद्दाम ठोशाचं अक्षर वापरतात.

दिग्दर्शिका जिया लिंग हिने २०२४ मध्ये 'योलो' या मुष्टियुद्धाच्या सिनेमात खराखुरा ठोसा मारला तेव्हा मला हे आठवून हसू आलं. तिच्याबद्दल समीक्षक नाक मुरडतात, मी नाही मुरडत. ती मूळची विनोदी नटी. 'हाय, मॉम' (२०२१) तिने स्वतःच्या आईवर काढला, आईचं खरं नाव ठेवून. ती कॉलेजात असताना आई अपघातात गेली होती. सिनेमातली मुलगी १९८१ मध्ये जाऊन पोचते आणि आईचं लग्न कारखान्याच्या मॅनेजरच्या मुलाशी लावून द्यायला बघते, म्हणजे आपण जन्मलो नाही तरी चालेल पण आई सुखात राहील. ५४० कोटी युआन जमवणाऱ्या या सिनेमावर आक्षेप एकच आणि तो रास्त आहे: शेवटी कळतं की आईला दुसरं काही नकोच होतं, तिला हीच मुलगी हवी होती. आईला आईपलीकडे काही हवंसं वाटू शकतं, याची शक्यताच सिनेमा मिटवून टाकतो. मी मात्र शेवटी रडले. ठिगळाचा प्रसंग येईल, तेव्हा कळेल.

आणि आता तुमची 'हर स्टोरी' (२०२४). शाओ यीह्वेइने तिच्या आधीच्या सिनेमासारखंच शांघायचं घरगुती, गप्पिष्ट वातावरण धरलंय. नायिकेचं नाव वांग त्येमेइ, लोखंडी फूल म्हणा हवं तर. जुन्या क्रांतिकारी नाटकातल्या ली त्येमेइची आठवण चिनी प्रेक्षकाला लगेच येते. त्या नाटकातही आजी, बाप, मुलगी रक्ताची नव्हती. इथेही एकटी आई, तिची मुलगी मोली आणि शेजारीण श्याओये यांचं मिळून घर होतं. चिनी नाव 'हाओ दोंगशी', 'चांगली वस्तू'. 'हाओ' हे अक्षर बाई आणि मूल ही दोन अक्षरं शेजारी ठेवून बनतं.

तुम्ही विमानात पाहिलात म्हणून विचारते, आवाजाचा प्रसंग हेडफोन लावून ऐकलात ना? श्याओये मोलीला आवाज ऐकवते आणि हा कशाचा ते ओळखायला सांगते. पोरीला पाऊस ऐकू येतो, वादळ ऐकू येतं. पडद्यावर दिसतं काय, तर आई अंडं तळतेय, घर झाडतेय, आवरतेय. घरकाम दाखवणारे सिनेमे हजार आहेत. ते ऐकायला लावणारा मी हा पहिलाच पाहिला. जेवणाच्या टेबलावर पाळीविषयी मोकळं बोलणं होतं, आणि माजी नवरा व नवा मित्र यांच्यात पुरुषसत्तेवर कोण जास्त शहाणं बोलतो याची चढाओढ लागते. चीनमध्ये काही पुरुषांना यात अपमान दिसला. मला वाटतं त्या दोघांना फारच प्रेमाने वागवलंय. माझी तक्रार वेगळी आहे: हे घर, हा परिसर, ही पुस्तकं परवडणाऱ्या बायकांचा हा सिनेमा आहे. 'एंजल्स'मधल्या श्याओमीला यांच्या टेबलाशी खुर्ची नाही.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, आपणच वेगळं बघतो का. थोडं बघतो. श्यू जिंगलेइचा 'गो लाला गो!' (२०१०) बाईनेच काढलाय, दहा कोटी युआनच्या वर गेला, आणि त्यात ऑफिसमधली बाई खरेदी करत करत मोठी होते. ती काय खाते मला आठवतही नाही, कपडे आठवतात. दिग्दर्शिका असणं ही हमी नाही. पण भांडी, ताट, आई, आत्या यांच्यासाठी सिनेमात वेळ काढणारे लोक मोजले तर त्यात बायकाच जास्त निघतात, आणि ते माझं कौतुक नाही, माझ्या यादीतली गणती आहे.

क्रम विचारलात म्हणून: आधी 'सिस्टर', आत्या-मामा लक्षात ठेवून. मग 'पर्पेच्युअल मोशन'. मग 'स्प्रिंग टाइड', पण आईबरोबर बसून नको. 'स्टोनवॉलिंग' एखाद्या मोकळ्या रविवारी. आणि हे सगळं पचलं तर ल्यू ज्यायिनचा 'ऑक्सहाइड २' (२००९). त्यात ती स्वतः आणि तिचे खरे आईवडील, बाप आधी टेबलावर चामड्याचं काम करतो, मग तेच टेबल पुसून तिघं मोमोसारखे ज्याओझ करायला बसतात. दोन तासांहून जास्त, अवघे नऊ शॉट, कॅमेरा टेबलाभोवती थोडा थोडा सरकतो. कणीक, चिरलेली पात, धंदा बसल्याची चर्चा, आणि शेवटी जेवण. उपाशीपोटी बघू नका, एवढीच सूचना.